माझा आवाज आला की

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, दादाजवळ नाही, वहिनीजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगता येतंय.

आधी घराचं सांगते. मलकापुरात बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस, कानांत कापूस. हसायला गेले तरी खोकला यायचा. आई चार घरची धुणी करायची. दादा दहावीनंतर बाबांबरोबर जिनिंगला जायला लागला. मी कॉलेजात जावं म्हणून तो गेला, पण हे कुणी बसून ठरवलं नाही. एका जूनमध्ये त्याची फळी माझ्या पुस्तकांसाठी रिकामी झाली, बस्स. मी पदवी घेतली. आमच्या अख्ख्या खानदानात पहिली. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी कधी लपवला नाही. लपवलं ते दुसरंच.

दादाचं लग्न झालं, सुलतानपूरची वहिनी घरात आली. तोवर गल्लीत कुणाचीही हळद असो, गाणं म्हटलं की मी. वहिनीला पहिल्यांदा ऐकलं ते मागच्या अंगणात, ती भांडी घासत होती तेव्हा. भर दुपार. घरामागच्या रुळांवरून मालगाडी चालली होती, संपता संपत नव्हती — आणि त्या खडखडाटाच्या वरून तिचा आवाज कुठेही न टेकता चालला होता. मी पुस्तक मिटलं. अर्धवट झोपेत कुणीतरी लांबून आपलं नाव घेतंय असं वाटत राहिलं. किती वेळ बसले होते कोण जाणे. आणि मग — हे लिहायला जड जातंय — मनात आलं, हिनं गाऊ नये.

पुढच्याच हळदीला बायका मला म्हणाल्या, "सरक वो जराशी, सुलतानपूरवालीले बसू दे मधात." मी हसले. सरकले.

वहिनीनं माझं काय वाकडं केलं होतं? काही नाही. उलट माझ्या वाटणीचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. "बाई, तुम्ही बसा तुमच्या मशीनवर, मी आहो ना." मशीन म्हणजे लॅपटॉप. कॉलेज संपल्यावर मी त्यावर गाणी बनवायला शिकत होते, व्हिडिओ बघून बघून.

गाण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, साइडचेन म्हणतात. ढोलाचा ठोका आणि बेस, म्हणजे खालचा जाड सूर, एकदम आले की एकमेकांत अडकतात, गचाळ ऐकू येतं. मग बेसला सांगून ठेवायचं — ठोका आला की खाली बस, गेला की वर ये. पुढे हात लावावा लागत नाही. एक आवाज दुसऱ्याच्या इशाऱ्यावर आपोआप दबतो. डीजेवर अख्खं गाणं श्वास घेतल्यासारखं हलतं ना? ते हेच. मला पहिल्यांदा जमलं तेव्हा विहिरीत पोहायला शिकले ते दिवस आठवले. डोकं पाण्याखाली गेलं की काठावरच्या पोरींचा गलका मऊ होतो, हिरवा होतो, लांब जातो. वर आलं की एकदम फुटतो. कितीतरी दुपारी मी कानाला हेडफोन लावून नुसती बुडत होते, वर येत होते.

कुणी कुणासाठी खाली बसायचं, हे निवडायला एक छोटी यादी उघडते. ढोल. बेस. हार्मोनियम. मी. वहिनी. तिथं सगळी नावं सारखीच दिसतात.

आम्ही दोघींनी हळदीचं एक गाणं केलं, गावोगाव म्हणतात तेच. नणंद विचारते, भावजय उत्तर देते, असं. खोलीत गोधड्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. मे महिना, पंखा बंद. वहिनीचं तान्हं बाळ आईजवळ झोपलेलं. ती घामानं भिजली आणि सगळं एकदाच गायली. मला माझी ओळ परत परत घ्यावी लागली.

ती बाळाकडे गेल्यावर मी बसले. वहिनीच्या आवाजावर ती सोय लावली आणि इशारा दिला — माझ्या आवाजाचा. मी गायले की तिनं खाली बसायचं. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. मी थांबले की ती लगेच वर यायची, पुरी. म्हणून मी तिचा वर येण्याचा वेळ वाढवला. आता माझी ओळ संपायची, तिची सुरू व्हायची, तरी ती पाण्याखालीच. पहिले शब्द गिळलेले. ओळ अर्धी सरल्यावर कुठं ती काठाला लागायची. ऐकणाऱ्याला वाटावं, बाईला दमच नाही.

चुकून झालं का? मी थोडं वाढवत होते, ऐकत होते, पुन्हा थोडं वाढवत होते. चूक अशी होत नसते.

घरात सगळ्यांनी मोबाईलवर ऐकलं. दादा खूश. वहिनीनं पुन्हा लावलं, मग पुन्हा. मग मला आत बोलावलं, हळूच विचारलं, "बाई, माहा आवाज सुरुवातीले उचलतच नाही. काऊन वो?"

मला फक्त एक बटण दाबायचं होतं. मी म्हटलं, "दम कमी पडते तुहा, वहिनी. बाळंतपणानंतर होते तसं. मशीन काही खोटं बोलते का?"

"हाव," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाले समजते."

ज्या शिक्षणासाठी दादानं जिनिंग धरली, ते मी असं वापरलं. तिच्या बायकोवर — नाही, त्याच्या बायकोवर. बघा, अजून नीट लिहिता येत नाही.

थोड्याच दिवसांत धाड गावी मावसबहिणीची हळद होती. आमचं गाणं डीजेवर वाजलं. बायकांनी वहिनीचा हात धरून ओढला. ती मागं सरकली. "बाईले म्हणू द्या. माह्यात नाही राह्यला तेवढा दम."

"दम नाही म्हणते! अन् नवऱ्याले हाक मारते ते पार टेशनापर्यंत ऐकू येते," आमची मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. पण उठली नाही. मी गायले. आणि चांगली गायले, हेही खरंच सांगते.

त्यानंतर ती घरातही गायली नाही. दुपारी अंगणातून नुसता भांड्यांचा आवाज यायचा. आई म्हणायची, पोराच्या मागं लागली, गाणं विसरली. मी ऐकून घ्यायचे.

याला आता बरीच वर्षं झाली. परवा एकानं तेच गाणं लग्नासाठी मागितलं, म्हणून माझ्या स्टुडिओत जुनं काम उघडलं. ती सोय बंद केली, फक्त वहिनीचा आवाज ठेवला. सहज? नाही, मला ऐकायचंच होतं. दारावरचा पडदा उन्हानं पिवळा झाला होता, बाहेर रस्ता झोपलेला. आणि ती गात होती — पहिल्या शब्दापासून भरलेली, सैल, कुठं घाई नाही. मी डोळे मिटले. खोली हळूच जमिनीवरून सुटली असं वाटलं.

वहिनी डबा घेऊन दारात उभी होती. मी झटकन बंद केलं.

"काऊन बंद केलं वो? चांगलं वाटून राह्यलं होतं." तिनं डबा ठेवला. "कोन गाते ते बाई?"

तिनं आपला आवाज असा कधी ऐकलाच नव्हता.

"आहे एक," मी म्हटलं. "बाहेरगावची."

"मोकळी गाते," ती म्हणाली, आणि भाजी गरम आहे तोवर खा म्हणून निघून गेली.

मागणाऱ्याला मी जुनंच गाणं पाठवलं, ती सोय होती तशी ठेवून.

मी पदवी घेतली. मलकापुरात माझा स्टुडिओ आहे, पाटीवर माझं नाव आहे. आसपासच्या गावांत हळदीला माझं गाणं वाजतं. वहिनी गात नाही. ते मी केलं.