मांडीखालचे हात

पटावर काही अडलं की ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. मास्तरांनी शिक्षा केलेल्या पोरासारखे. नवीन माणसाला वाटायचं, यांना थंडी वाजते की काय! सुरतेत आणि थंडी! पण कारण वेगळं होतं. हात मोकळे राहिले की डोक्याच्या आधी सोंगटीपर्यंत पोचतात, आणि एकदा पोचले की सुटका नाही. "हात लागना, चाल व्हयनी," हे त्यांचं वाक्य. आम्ही खान्देशी माणसं, घरात अहिराणी बोलतो. लिहायला बसले की मी साधं मराठी लिहिते, पण हे वाक्य बदललं तर त्यांचा आवाजच जातो, म्हणून तसंच ठेवते. हात लागला, चाल झाली. मग तीच सोंगटी खेळायची, भले डाव बुडो.

ते आमच्या बुद्धिबळ मंडळाचे कप्तान. मंडळ म्हणजे काय, बमरोलीत आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे, त्याच्या मागची एक खोली. दोन टेबलं, चार पट, एक पंखा, तोही मनात आलं तर फिरणारा. कप्तानांची सगळी नोकरी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये गेली. निवृत्त झाले तरी नखांच्या कडांना निळसर झाक होती, ती काही गेली नाही. पांढरं प्यादं उचललं की ती जास्तच दिसायची.

मी त्या खोलीत गेले ती झाडू घेऊन. विहार झाडायची पाळी माझी होती. झाडता झाडता उभी राहून बघायची. एक दिवस ते मान वर न करता म्हणाले, "आक्का, उभ्यानं काय पाहता, बसा की." बसले, ती बसलेच. शाळा माझी लवकर सुटलेली, पण घोडा अडीच घर चालतो हे कळायला शाळा कशाला लागते? वर्षभरात मी चौथ्या पटावर खेळायला लागले. सुनेनं सगळ्या गल्लीला सांगितलं, "आमच्या सासूबाई आता मॅच खेळतात."

दर रविवारी सामना असायचा. शहरातल्या सोसायट्यांचे आणि मोहल्ल्यांचे संघ, प्रत्येकात चार खेळाडू, चार पट. पंच वेगळा नाही, दोन्हीकडचे कप्तान मिळूनच पंच. आमचा पहिला पट रोशनचा. रोशन इच्छापोरला कंत्राटावर काम करतो, हुशार पोरगा. दुसरा पट कप्तानांचा, तिसरा ट्यूशन घेणाऱ्या मास्तरांचा, चौथा माझा. निकाल काय सांगू? रोशन जिंकायचा आणि बाकीचे आम्ही तीन जण मिळून त्याचं जिंकणं वाया घालवायचो.

आणि मग परत आल्यावर ती निकाल वाचायची रीत. ती त्यांनीच पाडलेली. सामना कुठेही असो, आल्यावर विहाराच्या पायरीवर उभं राहून निकाल मोठ्यानं वाचायचा. ओट्यावर बाया भाजी निवडत असत, म्हातारे बसलेले असत. जिंकलो तरी वाचायचा, हरलो तरी वाचायचा. हरलेला निकाल तर जास्तच मोठ्यानं. मी म्हणायची, "भाऊ, हळू वाचा ना, सगळी गल्ली ऐकते." ते म्हणायचे, "आक्का, गल्लीचं नाव लावून खेळतो, मग गल्लीला नको कळायला?" मी पदर डोक्यावरून पुढे ओढून घराकडे सटकायची.

नियमाला फार कडक. एका सामन्यात माझी बांगडी वजिराला लागली. अहो, बांगडी! मला प्यादं सरकवायचं होतं. समोरची मुलगी काही बोललीही नाही. पण कप्तान दुसऱ्या पटावरून म्हणाले, "आक्का, वजीर." मी म्हटलं, "भाऊ, बांगडी लागली, हात नाही." "बांगडी कोणाच्या हातात आहे?" वजीर खेळावा लागला, आणि वजीर गेला. त्या दिवशी पायरीवर उभं राहून त्यांनी वाचलं, "चौथा पट, हार." बांगडीचं नाव घेतलं नाही, एवढी माया दाखवली. पुढच्या रविवारपासून मी बांगड्या कोपरापर्यंत सारून खेळायला लागले.

गावाकडच्या बुद्धिबळावर मात्र त्यांचा राग होता. तुमच्यापैकी ज्यांनी गावात पट मांडलेला पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, आपल्याकडे राजाला एक सवलत असते. जोवर त्याला शह बसलेला नाही तोवर डावात एकदा तो घोड्यासारखी उडी मारू शकतो. सामन्यांच्या नियमात ते बसत नाही. आमच्या ओट्यावरचे दगडूबाबा एकदा खोलीत येऊन रोशनशी खेळायला बसले. राजा अडचणीत आला तशी बाबांनी टुणकन उडी मारली. रोशन हसला. कप्तान नाही हसले. म्हणाले, "बाबा, गावनं गावमा. इथं हे चालत नाही." बाबांनी राजा परत ठेवला, काठी घेतली आणि ओट्यावर जाऊन बसले. पुन्हा खोलीत आले नाहीत. मला ते वाईट वाटलं होतं. मास्तरांनाही वाटलं असावं. पण कप्तानांपुढे कोण बोलणार?

आता ज्या रविवारचं सांगायला मी बसले, तो.

सामना अडाजणच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये होता. काचेचे दरवाजे, आत एसी, प्रत्येक पटाशेजारी घड्याळ. आम्ही चपला बाहेर काढल्या, तेव्हा तिथला एक जण म्हणाला, "पहेरी राखो, काकी." काढू नका म्हणे. आम्ही काढल्याच. त्या दिवशी आम्हाला जिंकायची गरज नव्हती, बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या गटात राहणार होतो. हरलो तर खालच्या गटात, शाळेच्या पोरांबरोबर. कप्तान रिक्षात बसल्यापासून एकच सांगत होते, "घाई नको. हात मांडीखाली."

रोशन जिंकला. मास्तर हरले. माझा डाव बरोबरीत सुटला, आणि मला एवढा आनंद झाला की मी समोरच्या बाईंचे दोन्ही हात धरले. राहिला फक्त दुसरा पट. कप्तानांचाही डाव बरोबरीकडे चालला होता. हत्ती नुसता मागे घ्यायचा, झालं, माझ्यासारखीला कळत होतं. समोर त्या संघाचे कप्तान, चष्मेवाले, शांत गृहस्थ. आमच्या कप्तानांचं घड्याळ संपत आलं होतं. राजा कोपऱ्यात, पुढे स्वतःचीच प्यादी. शह अजून एकदाही बसला नव्हता. ते मांड्यांखाली हात दाबून बसले होते, कपाळावर एसीतही घाम.

आणि उजवा हात सुटला. त्यांनी राजा उचलला, प्याद्यांवरून नेला आणि अडीच घरावर ठेवला. ठेवून घड्याळ दाबलं. चेहरा असा निवांत, जसं घरी पोचलं माणूस.

चष्मेवाल्यांनी पटाकडे पाहिलं, मग कप्तानांकडे. मग पलीकडून एक तरुण फिसकन हसला, "काका गाँव का चेस खेल रहे हैं!" रोशनसुद्धा हसला. सवयीनं हसला बिचारा, आणि लगेच मान खाली घातली.

तेव्हा कप्तानांना दिसलं. त्या क्षणाचा त्यांचा चेहरा मी पाहिला, न पाहिला असता तर बरं. कपडे बदलताना दार उघडावं कोणी, तसा.

चष्मेवाले मात्र भला माणूस. हळूच म्हणाले, "कांई वांधो नहीं, काका. पाछुं लई ल्यो. हाथी रमो, बीजुं कांई रमो." काही हरकत नाही, परत घ्या, दुसरी चाल खेळा. त्यांना नियम धरायचा तर राजाच खेळायला लावता आला असता, आणि राजाला एकच घर मोकळं होतं, तिथं मरणच होतं. सवलत ते स्वतःहून देत होते. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "घ्या म्हणावं, आक्का, तुम्ही सांगा." मी मनात म्हणत होते, घ्या हो भाऊ, एवढा एक डाव घ्या.

त्यांनी राजा उचलून जुन्या घरावर ठेवला. आम्हाला वाटलं, आता हत्ती. पण बोटं राजावरून निघालीच नाहीत. खालच्या आवाजात, जसं कोणाला ऐकू जाऊ नये, म्हणाले, "हात लागना, चाल व्हयनी." आणि राजा त्या एका मोकळ्या घरात नेला. पुढं फार चाललं नाही.

आम्ही गल्लीच्या टोकाला रिक्षातून उतरलो. मला वाटलं, आज निकाल वाचणार नाहीत. ते पायरीवर चढले. त्याच आवाजात वाचलं, पहिला पट जीत, तिसरा पट हार, चौथा पट बरोबरी. मग थांबले. "दुसरा पट, हार. बेकायदा चाल."

बायांना काय कळणार? एकीनं विचारलं, "बेकायदा म्हणजे काय केलं हो भाऊ?" मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. मी पुढे होऊन काहीतरी सांगणार, तर त्यांनीच सांगितलं, "राजा घोड्यासारखा उडवला."

ओट्यावरून दगडूबाबा म्हणाले, "मंग? उडवतसच की!" बाबांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं. कप्तान पायरीवरून उतरले आणि बाबांकडे न बघता घरी गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. किल्ली रोशनच्या हाती पाठवून दिली. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. वहिनी आत पोळ्या लाटत होत्या, भाऊ बाहेर मेथी निवडत होते. मी म्हटलं, "भाऊ, एका डावानं एवढं काय? आम्ही तर दर रविवारी हरतो. आम्ही कुठं तोंड लपवलं?"

"हरण्याचं नाही, आक्का."

आणि पुन्हा मेथीच. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. शेवटी बोलले. "डोकं तिथंच होतं. हात बापकडे गया."

त्यांच्या वडिलांनीच त्यांना खेळ शिकवला होता, गावी, मारुतीच्या पारावर खडूनं पट आखून. मग हे सुरतेला आले, मिलमधल्या एका साहेबांकडून खरे नियम शिकले आणि सुट्टीत गावी गेले. पारावर सगळं गाव जमलेलं. वडिलांचा राजा अडला, वडिलांनी उडी मारली. आणि यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, बापू, हे चालत नाही, हे अडाण्यांचं आहे. आता राजाला हात लागलाय, तर राजाच खेळा, नियमानं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? राजा तसाच ठेवून बापू उठले. आडोशाला तंबाखू मळत बसले. माझ्याशी पुन्हा पट मांडला नाही. मला वाटायचं, हरायला भितात." मेथीची एक काडी त्यांनी पानांत टाकली, लगेच उचलून बाजूला केली. "त्या दिवशी तो परका माणूस म्हणाला, परत घ्या. हसला नाही, काही नाही. परत घ्या म्हणाला. एवढंच म्हणायचं असतं, आक्का. मला बापाला म्हणता आलं नाही."

मी मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे ओढली आणि निवडायला लागले.

पावसाळा सरला तसं त्यांचं गावी जायचं ठरलं. मुलाची बदली झाली होती, वहिनींचे गुडघे धरले होते, अमळनेरजवळच्या गावात घर होतं. सामान बांधलेलं, उधन्याहून सकाळची गाडी. आदल्या संध्याकाळी ते खोलीवर आले. दारात थांबून म्हणाले, "एक डाव, आक्का?"

मांडला. नेहमीसारखं मला घेरत आणलं त्यांनी. माझा राजा कोपऱ्यात, पुढे माझीच प्यादी. शोधून शोधून चाल सापडेना. मी हात पदरात गुंडाळून बसलेली.

ते म्हणाले, "शह बसला का अजून?"

"नाही."

"मग उडवा की."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "भाऊ, चालतं का?"

"एकदा चालतं."

मी राजा उचलला आणि प्याद्यांवरून पलीकडे ठेवला. ठेवल्यावर वर पाहिलं, तर त्यांचे हात मांड्यांखाली नव्हते. दोन्ही टेबलावर होते, पटाच्या दोन्ही बाजूंना, उघडे. ते त्या राजाकडे बघत होते, आणि बघतच राहिले. चाल त्यांची होती.

मग उठले. जाताना दगडूबाबांपाशी थांबलेले मला खिडकीतून दिसले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. बाबांनी सरकून ओट्यावर जागा करून दिली, आणि ते बसले.

आता आम्ही खालच्या गटात खेळतो. शाळेची पोरं आम्हाला हरवतात, आणि रविवारी पायरीवर उभी राहून निकाल मी वाचते. मोठ्यानं वाचते.