आपल्यात नवरी बोलते

"हे शीलात बसतं का?"

असं विचारताना अण्णा उजव्या हाताची तीन बोटं वर करायचे. तीन बोटं म्हणजे तिसरं शील. पंचशीलातली बाकीची चार कुणी पाळो न पाळो, अण्णांना त्याची फारशी फिकीर नव्हती. पिऊन येणाऱ्याला, खोटं बोलणाऱ्याला, कुणाची कोंबडी उचलणाऱ्यालासुद्धा ते समजुतीनं घ्यायचे. पण तिसरं शील, म्हणजे बाई-पुरुषाची वागणूक, त्याची राखण यांच्या एकट्याकडे सोपवलेली होती.

आमची वस्ती धारवाडात, केलगेरीच्या वाटेवर. सगळी बौद्ध घरं, मूळची मिरजेकडची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अण्णा आठवडाभर वीजखात्याचे मीटर वाचायचे आणि सुट्टीच्या दिवशी आमची लग्नं लावायचे. वस्तीचे बौद्धाचार्य ते. मी इथे त्यांना अहो-जाहो करतेय ती सवयीनं. मनातल्या मनात या माणसाला मी केव्हाच अरे-तुरे करून टाकलंय, तेवढं तुम्ही समजून घ्या.

मी ब्लाउज शिवायचे. सुभाष रोडवरच्या एका कापड दुकानाचं काम घरी आणायचे, शिवाय वस्तीतल्या पोरीबाळींचं असायचंच. आमच्या घरचा मीटर नेमका माझ्या मशीनच्या वर. अण्णा आले की मीटरकडे एकदा बघायचे आणि खुंटीवर टांगलेल्या ब्लाउजांकडे निवांत बघत उभे राहायचे.

"हा कुणाचा गं, अक्का?"

"आहे एकीचा."

"पाठ केवढी उघडी! चार बोटं. शीलात बसत नाही."

"अण्णा, भगवंतांनी ब्लाउजच्या पाठीबद्दल कुठं काय सांगितलंय?"

"सांगितलं नाही म्हणून तर आम्ही सांगायचं," असं म्हणून ते सायकलवर टांग टाकायचे. मला तेव्हा हसू यायचं. मी मुद्दाम एखादा खोल गळ्याचा ब्लाउज पुढे टांगून ठेवायचे, की बघू दे आणि जळू दे.

एकदा कॉलेजातली एक पोर कुणा मुलाबरोबर हॉटेलात कॉफी पीत बसलेली यांना दिसली. हे आत गेले नाहीत की काही बोलले नाहीत. दाराशी सायकल उभी करून घंटी वाजवत राहिले. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. शेवटी ती दोघं कप तसेच टाकून उठली. रविवारी वंदनेनंतर अण्णांनी तिचं नाव घेतलं नाही, फक्त साडीचा रंग सांगितला. तेवढ्यानं भागलं. दुसऱ्या दिवसापासून पोर घराबाहेर पडेना. मला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं नाही.

पण खरं ते सांगायला हवं. लग्न लावावं तर अण्णांनीच. आवाज असा, की मांडवात रडणारी तान्ही पोरंसुद्धा गप्प व्हायची. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, डोळे पाणावलेले. नवरीच्या प्रतिज्ञांची वेळ आली की माईक हातात घेऊन म्हणायचे, "बाकीच्यांत भटजी बोलतो आणि नवरी मान खाली घालून बसते. आपल्यात नवरी बोलते! ती बोलल्याशिवाय आपल्यात लग्न लागत नाही!" माझ्या लग्नात माझा आवाज फुटेना, तर वाकून हळूच म्हणाले होते, "मोठ्यानं, अक्का. मागच्या रांगेला कळू दे की तू तुझ्या तोंडानं हो म्हणालीस." त्या एका वाक्यासाठी मी या माणसाचं बरंच काही पोटात घातलं होतं.

विमल माझ्यापासून चार घरं पलीकडची. बी.ए. झालेली, बावीस वर्षांची, बोलायला फटकळ. बाप लहानपणीच गेला होता. आईनं तिचं लग्न ठरवलं आणि ती ब्लाउजचं माप द्यायला माझ्याकडे आली. पांढऱ्या साडीवरचा पांढरा ब्लाउज.

"कोण गं नवरा?" मी खांद्याला टेप लावत विचारलं.

"मामा."

"मामाचा मुलगा?"

"नाही. मामा."

माझ्या हातातली टेप सुटली. तिच्या आईचा धाकटा भाऊ. हुबळीला राहायचा, बायको वारलेली, दोन लेकरं पदरात. विमलला खांद्यावर बसवून केलगेरीच्या तळ्यावर न्यायचा, तो मामा. तिचे दुधाचे दात कौलावर फेकणारा, तो मामा.

"आता माझी आई माझी नणंद," विमल म्हणाली. "आजी सासू. ती दोन पोरं मला अक्का म्हणतात, त्यांना आता आई म्हणायला शिकवणार. हिशेब जमतोय का बघ तुला." ती हसायला गेली आणि तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाली. तिला ओकारी आली होती.

तुमच्यातले कुणी म्हणतील, या मुलखात हे सर्रास चालतं. चालतं, माहीत आहे. शेजारच्या कन्नड बाईला मी हे बोलले तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "नम्मल्ली हंग री, अक्का." आमच्यात असंच असतं, एवढंच. पोरीवर पहिला हक्क सोदरमावाचा, म्हणजे मामाचा. ज्यांच्यात पिढ्यान् पिढ्या ते चालत आलं त्यांचं त्यांनी बघावं. पण आमच्या मिरजेकडे मामा म्हणजे दुसरा बाप. शेजारणीची रीत तेवढी सोयीची वाटली म्हणून उचलायची, आणि तीही पोरीला न विचारता? तिच्या आईला मी हे तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "माझ्या भावाची लेकरं उघडी पडली, अक्का. परकी बाई आणली तर ती बघेल का त्यांना?" भावाच्या लेकरांसाठी जीव तुटत होता. स्वतःचं लेकरू मोरीत ओकत होतं ते दिसत नव्हतं.

म्हटलं, तिसऱ्या शीलाचा राखणदार आहे ना आपल्याकडे! मी विमलला घेऊन अण्णांच्या घरी गेले. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. विमलनं नमस्कार केला नाही. तीन बोटं वर केली.

"अण्णा, हे शीलात बसतं का?"

अण्णा त्या बोटांकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बाळ, शीलानं मना केलंय ते लग्नाबाहेरचं. हे तर लग्न आहे. एकदा लग्न लागलं की सगळं शीलात बसतं."

शी! अजून ते वाक्य आठवलं की तोंडात कडू पाणी येतं. ब्लाउजची चार बोटं पाठ बसत नाही, कॉफीचा कप बसत नाही आणि हे बसतं! पोरीला नुसत्या विचारानं ओकारी येतेय, आणि हे तिला नियम समजावतायत.

"मला तो बापासारखा आहे, अण्णा," विमल म्हणाली.

"मग जपेलच तुला."

"आणि मांडवात मी बोललेच नाही तर? तुम्हीच म्हणता, नवरी बोलल्याशिवाय लग्न लागत नाही."

अण्णा हसले. "बोलशील. सगळ्या बोलतात."

परत येताना विमलची चाल बदलली होती. "ऐकलंस ना? नाही म्हणाले नाहीत. मी तोंड उघडणार नाही. माझा घसा काय त्यांच्या हातात आहे?" तिनं सगळी भिस्त अण्णांच्याच शिकवणीवर टाकली होती. मलाही वाटलं, बाकी काही असो, हा माणूस आपल्या शब्दाला जागेल.

लग्न वस्तीतल्या मैदानात झालं. मांडव भरलेला, माईक लावलेला. नवरा खुर्चीवर बसला होता, घामाघूम, रुमालानं मान पुसत. आणि अण्णांनी काय केलं असेल? सवय हो! जन्मभर सगळ्या लग्नांत म्हटलेलं वाक्य माईकमधून म्हणून टाकलं, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावे!"

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा मांडव हसायला लागला. मामा खुर्चीवरून अर्धवट उठला, पुन्हा बसला. अण्णासुद्धा हसले. "दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली की!" म्हणाले. त्यावर आणखी हशा. आमची माणसं धर्म बदलून या मांडवात आली ती याच्यासाठी का, असं मला त्या गर्दीत ओरडावंसं वाटत होतं.

विमल एकटीच चालत आली. मामाच्या प्रतिज्ञा झाल्या. मग अण्णांनी माईक तिच्यापुढे धरला आणि पहिली प्रतिज्ञा सांगितली. संसार नीट सांभाळीन, अशी. विमल गप्प. त्यांनी पुन्हा सांगितली. विमल समोर बघत होती, ओठ घट्ट मिटलेले. पंख्याची घरघर ऐकू येत होती. तिची आई पुढच्या रांगेतून दबक्या आवाजात म्हणाली, "बोल की गं!" विमल गप्प.

मी बघत होते अण्णांकडे. त्यांनाही कळलं होतं, शपथेवर सांगते. त्यांनी माईक तिच्यापुढून अर्धा मागे घेतला. फक्त म्हणायचं होतं, नवरी बोलत नाही, लग्न लागत नाही. त्यांचंच तर वाक्य.

"लाजतेय पोर," अण्णा म्हणाले. माईक स्वतःच्या तोंडाशी नेला आणि नवरीच्या सगळ्या प्रतिज्ञा त्यांनी स्वतः म्हटल्या. त्याच गोड आवाजात. संसार सांभाळीन, नवऱ्याशी एकनिष्ठ राहीन, सगळ्या.

"ती लाजत नाही!" मी उभी राहून ओरडले. "ती नको म्हणतेय!" माझ्या नवऱ्यानं पदर धरून मला खाली बसवलं. तोवर लोकांनी मान्यतेचं "साधू, साधू, साधू" सुरू केलं होतं आणि फुलं उधळली जात होती.

विमल जिथे उभी होती तिथेच उभी राहिली. तिच्या केसांत फुलं अडकलेली. मग ती पहिल्यांदा बोलली, माईकशिवाय. "प्रतिज्ञा अण्णांनी घेतल्यात. नांदायला त्यांनाच पाठवा." लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं पोर थट्टा करतेय.

तिला हुबळीला नेलं. त्या घरात काय झालं ते मी तिला कधी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. सहा-आठ महिन्यांनी कापडी पिशवी घेऊन ती परत आली. आईला म्हणाली, "मामाकडे राहायला गेले होते. आले." पुन्हा गेली नाही. पुढे धारवाडबाहेर बेलूरकडे नवे कारखाने निघाले, तिथे पॅकिंगला लागली आणि बरीच वर्षं तेच केलं. अण्णांनी एका रविवारी वंदनेनंतर नवरा सोडणाऱ्या बायकांवर बोलायला घेतलं, तीन बोटं वर करून. मी चटई गुंडाळली आणि उठून आले. त्यानंतर त्यांचं प्रवचन ऐकलं नाही.

लग्नांना मात्र जावं लागायचं. तिथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अण्णांनी ते वाक्य म्हणायचं सोडलं होतं. नवरीच्या प्रतिज्ञांची वेळ आली की नुसतेच माईक पुढे धरायचे. आपल्यात नवरी बोलते, हे विमलनंतर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा शर्टाचं बटण लावून घ्यायला आले. डोळ्यांनी अधू झाले होते, खुंटीवर काय टांगलंय ते दिसत नव्हतं. बटण लावून झालं तरी उठले नाहीत. मग म्हणाले, "बरी आहे का ती?"

"कोण?"

"ती गं."

"चार घरं पलीकडे राहते, अण्णा. जाऊन विचारा."

"येईल का बोलायला माझ्याशी?"

"ते तिला विचारा. तिच्या वतीनं मी कशी सांगू?"

त्यांनी मान खाली घातली. म्हातारं माणूस, शर्टाचं बटण चाचपत बसलेलं. वाईट वाटलं मला, नाही असं नाही. पण किळसही गेली नाही. दोन्ही एकाच पोटात राहतात, मी काय करू? ते उठले, विमलच्या घराच्या दिशेनं थोडं चालले आणि मग वळून आपल्या घरी गेले.

त्या हिवाळ्यात अण्णा वारले. मैदानात सभा झाली. तसाच मांडव, तोच माईक. मधे अण्णांचा हार घातलेला फोटो. एकेक जण उठून बोलत होता. त्यांनी किती लग्नं लावली, वस्तीला कसं वळण लावलं. विमल कारखान्यातून परस्पर आली होती, निळ्या कोटात. नवे आचार्य तरणे होते, बाहेरून आलेले. त्यांना काय ठाऊक? म्हणाले, "विमलताई शिकलेल्या आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

सगळा मांडव दचकला. विमल उठली. सावकाश चालत पुढे गेली, माईकपुढे उभी राहिली आणि फोटोकडे बघत गप्प राहिली. ओठ घट्ट मिटलेले. मिनिट गेलं, आणखी गेलं. लोक चुळबुळ करायला लागले. तिची म्हातारी आई पुढच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. ती या खेपेला काही बोलली नाही.

तरणे आचार्य पुढे झाले, माईककडे हात नेत म्हणाले, "ताई जरा भारावून..."

"हात लावू नका माईकला," मी म्हणाले. या वेळी माझा पदर कुणी धरला नाही.

ते थांबले. विमल तशीच उभी होती. माईक चालू होता. तिचा श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता आणि तिच्या जागी बोलायला अण्णा नव्हते.