होडीचं पांघरूण

भाऊ सोमवारी गेला. मी घोडेगावच्या शाळेत होते. शिपाई वर्गाच्या दारात आला आणि फोन आहे म्हणाला. फोनवर वहिनी होती. ती म्हणाली, "वन्सं, या." मी एसटीने डिंभ्याला आले.

दिवाळी होऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. धरणात आमचं रान गेल्यापासून भाऊ मासे धरायचा. मच्छीमार सोसायटीत नाव त्याचं होतं. त्या जागी वहिनीचं नाव लागल्याशिवाय तिला जाळं टाकता येणार नव्हतं, आणि कागद हलायला उन्हाळा उजाडेल असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं. दहाव्यानंतर होडी पाण्याबाहेर ओढून घेतली. चुलते त्याच दिवशी म्हणाले, "इकून टाका. बाईमानूस व्हडी हाकनार व्हय?"

वहिनी भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आन मग मी काय करू, मामंजी? दुसऱ्याचं कांदं काढाया जाऊ?"

"जातातच की समद्या."

"जाऊ द्या त्यांना. मला पानी येतं."

तिला खरंच येत होतं. भावाबरोबर सहा-सात वर्षं ती वल्ही मारत होती. जाळं सोडताना होडी कुठे थोपवायची हे भाऊ तिलाच विचारायचा. चुलत्यांना हे माहीत होतं, पण माहीत असणं आणि मान्य करणं यांत त्यांनी पहिल्यापासून अंतर ठेवलं होतं. उठताना ते म्हणाले, "उन्हाळ्यापतुर व्हडी टिकली तर बघू." होडी टिकवायचं मी अंगावर घेतलं. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

दिवाळीनंतर धरणाचं पाणी कालव्यांना सुटतं आणि फुगवटा मागे सरकत जातो. भाऊ असताना पाण्याच्या मागोमाग होडीही जायची. पाण्याबाहेर ती कधी महिनाभर राहिलीच नव्हती, त्यामुळे बाहेरच्या होडीला काय लागतं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. इतरांनी एव्हाना पत्र्याच्या होड्या केल्या होत्या. लाकडी आमची एकच उरली होती. गावातल्या सुताराने ती जांभळाच्या फळ्यांची केली होती. त्याने जन्मभर बैलगाड्या केल्या होत्या, होडी ही पहिलीच.

मला वाचायची सवय आहे. काही अडलं की मी पुस्तक शोधते. होडी झाकण्यावर पुस्तक मिळालं नाही, म्हणून मी स्वतःच एक वही सुरू केली. शाळेतल्या टेपने होडी मोजली. लांबी चौदा फूट, मध्ये रुंदी चार. मग काय काय मिळतं ते पाहायला लागले. कांद्यावर टाकतात तो काळा कागद सगळ्यांत स्वस्त होता. घोडेगावच्या बाजारात निळी ताडपत्री होती, हलकी आणि चकचकीत. शेततळ्यात अंथरतात तो जाड कागद चांगला वाटला, पण तो तुकड्याने कुणी देईना. फ्लेक्स तेव्हा नुकतेच निघाले होते. एका दुकानदाराने उतरवलेला फ्लेक्स फुकट देऊ केला. त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या आणि हात जोडलेले पंधरा-वीस चेहरे होते. वहिनी म्हणाली, "नको बाई. व्हडीवर इतकी मान्सं बसत न्हाईत."

भाऊ गेल्यावर ती पहिल्यांदाच काही गमतीचं बोलली होती.

मी बाकीच्या प्रत्येकाचा वीतभर तुकडा आणला आणि शाळेच्या गच्चीवर दगडाखाली ठेवला. तीन आठवड्यांनी काळा कागद पापडासारखा मोडला. निळ्या ताडपत्रीचे धागे सुटले. फ्लेक्सवरचे चेहरे फिके पडले, पण फ्लेक्स शाबूत होता. मी प्रत्येकावर वाटीभर पाणी ओतून खाली कागद ओला होतो का ते पाहिलं. हे करताना मला बरं वाटत होतं, हे लिहायला हवं. दिवसभरातला तेवढा वेळ मी भावाचा विचार करत नसे, होडीचा करत असे.

शेवटी कुणीतरी सुचवलं की ट्रकची जुनी ताडपत्री बघा, आळेफाट्याला मिळते. रविवारी गेले. गॅरेजच्या ओळीत एक दुकान होतं. दारात मेणकापडाचे ढीग होते, आणि जाड सुईने एक माणूस फाटलेलं शिवत बसला होता.

"सहा टायर का धा टायर?" त्याने विचारलं.

"होडी आहे."

सुई थांबली. त्याने शेजारच्या गॅरेजवाल्याला हाक मारली. "ओ पावणं, या हिकडं. बाई आळेफाट्याला व्हडी घिऊन आल्यात."

"उभी कुठं केलीय? नगरच्या रोडला का नाशिकच्या?" गॅरेजवाला म्हणाला.

मीही हसले. मग शिवणाऱ्याने नीट विचारलं, "झाकायची कशापासनं? तसा माल देतो."

"पावसापासून, दवापासून," मी म्हणाले. "पाणी लागायला नको."

"व्हडीला?"

"हो."

"तुमी शिकलेली मान्सं राव," तो म्हणाला, आणि आतून एक ताडपत्री काढली. हिरवी, मेणाची, कडेला पितळी रिंगा. तिला डिझेलचा आणि जुन्या धान्याचा वास होता. एका कोपऱ्याला ठिगळ होतं म्हणून स्वस्तात दिली.

ती नेऊन आम्ही दोघींनी होडी झाकली. आधी होडी दगडांवर उचलून घेतली, जमिनीची ओल लागू नये म्हणून. आत लिंबाचा पाला टाकला. ताडपत्री चारी बाजूंनी ओढून दोरीने घट्ट बांधली. आमच्याकडे झाकणं म्हणजे हेच. कडब्याची गंजी, कांद्याची आरण, ज्वारीची कणगी, सगळं आम्ही ओलीपासून राखत आलो. त्याच हाताने आम्ही होडी राखली.

दर रविवारी मी जाऊन एक कोपरा उचलून पाहायची. आत हात घातला की ऊब लागायची. लाकूड कोरडं, खडखडीत. मी वहीत लिहायची, ओल नाही. पाणी तोवर खूप खाली गेलं होतं. जुन्या रानाचे बांध वर आले होते. आमचं रान कुठलं हे भाऊ लांबून दाखवायचा. मला एकटीला ते ओळखता आलं नाही.

चैत्र संपता संपता सोसायटीचा कागद आला. वहिनीचं नाव लागलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही ताडपत्री सोडली. चुलतेही आले होते. वरून होडी पूर्वीसारखीच दिसत होती. मी खाली वाकले, तर होडीखालच्या सावलीत उन्हाच्या बारीक रेघा पडलेल्या होत्या. फळ्या आकसून सांधे उघडले होते. सांध्यांत ठोकलेला कापूस आणि त्यावरचं डांबर सुटून खाली पडलं होतं. एका फटीत माझी पेन्सिल आरपार गेली.

चुलते म्हणाले, "झालं. आता चुलीला घाला."

चार महिने मी ज्या कोरडेपणाची नोंद ठेवत होते त्यानेच होडी मोडली होती. सोसायटीत नाव होतं आणि होडी नव्हती. नवीन घेण्याची ऐपत आमच्यात कुणाचीच नव्हती.

वहिनी होडीभोवती एक फेरी फिरली. फळीवर हात ठेवला. मग चुलत्यांनाच विचारलं, "मामंजी, उन्हाळ्यात गाडीचं चाक खुळखुळाया लागलं तर तुमी काय करायचा?"

"काय करनार? वढ्यात टाकायचं. लाकूड फुगतं, वरची लोखंडी धाव घट बसती."

"मग?"

चुलत्यांनी वाकून एका फटीवर बोट फिरवलं. आमच्या भागात हे न ठाऊक असलेला एकही शेतकरी नव्हता, आणि चाकं करणाऱ्याच सुताराने ही होडी केली होती. पण आम्हा कुणाला चाक आठवलं नाही. आम्हाला धान्य आठवलं.

मग चुलत्यांनीच चार माणसं आणि एक ट्रॅक्टर आणला. होडी खाली पाण्याकाठी नेली, आत दगड भरले आणि कमरेएवढ्या पाण्यात ती बुडवली. मला ते बघवेना. होडी वाचवायची म्हणून बुडवायची हे डोक्याला पटत होतं, मनाला पटत नव्हतं. वहिनी रोज जाऊन पाण्यात पायाने फळ्या चाचपायची. मी शाळा सुटल्यावर यायची आणि काठावरून विचारायची, "मिटली का?"

"मिटतीया. दमानं घ्या वन्सं."

आठव्या दिवशी दगड काढले आणि डब्याने पाणी उपसलं. आम्ही सगळे वाकून बघत उभे राहिलो. तळाच्या एका सांध्यातून पाणी झिरपत होतं, बाकी सगळं घट्ट मिटलं होतं. सुताराने त्या सांध्यात कापूस ठोकला, वर डांबर ओतलं. वहिनी चढली. वल्हं तिला चुलत्यांनीच दिलं. "लई आत जाऊ नगंस," ते म्हणाले.

त्यानंतर काठावर ठेवायची वेळ आली की आम्ही होडीवर तागाची पोती घालायला लागलो. किराणा दुकानातून रिकामी आणून वहिनीने ती एकमेकांना शिवली. सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी शिंपडायचं, होडीतही घागर-दोन घागरी ओतून ठेवायच्या. याहून स्वस्त काही नव्हतं, आणि माझ्या वहीत ते कुठेच नव्हतं.

याला आता बरीच वर्षं झाली. वहिनी अजून पाण्यात जाते. होडीच्या वरच्या फळ्या एकेक करून बदलल्या. तळाच्या तीन भावाच्या वेळच्या आहेत.