लाल नाल्यावर जंतूंची ड्यूटी

सरकारी कामावर माणूस चार वर्षं राहिला की पगार संपतो, किस्से साचत जातात. माझ्याकडचे सगळे एकाच तळ्याचे आहेत.

चिचगडकडच्या जंगलात लोखंडाची एक बंद पडलेली खाण होती. तिचं पाणी झिरपून नाला लाल व्हायचा आणि खालच्या बांध्यांतलं, म्हणजे भातखाचरांतलं, धान पिवळं पडायचं. त्यावर उपाय म्हणून आम्ही नाल्याच्या तोंडाशी तळं केलं. तळाशी चुनखडी, शेण, भाताच्या पेंढ्याचं तणस आणि वर पाणकणसाची लागवड. चिखलातले जंतू पाण्यातलं लोखंड धरून ठेवतात, पाणी निवळतं. शास्त्र एवढंच. मी तिथला सुपरवायझर.

*

मोठे साहेब पहिल्यांदा आले. तळ्याला फेरी मारली आणि विचारलं, "मशीन कुठंय?"

"मशीन नाही सर. जंतू काम करतात."

साहेब गंभीर झाले. "परमनंट की कंत्राटी?"

*

जंतूंचं विरजण म्हणून दुसरीकडच्या अशाच एका जुन्या तळ्याचा चिखल कॅनमध्ये भरून आणला होता. गोंदिया स्टेशनवर ऑटोत ठेवला, तर सडक्या अंड्यासारखा वास सुटला.

"भैया, ये मरा क्या है?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"मरा नहीं, जिंदा है. जंतू हैं."

"कितने?"

"करोडों."

"फिर तो पूरा ऑटो बुक करना पडेगा."

*

ठेकेदारानं तणस कमी टाकलं, तेही उघड्यावर. सकाळी बघतो तर टेंभरे काकांच्या म्हशी त्यात तोंड घालून उभ्या. काकांची बांधी तळ्याच्या अगदी खाली.

मी चिडून म्हणालो, "काका, तुमच्या म्हशींनी प्रकल्प खाल्ला."

काका म्हणाले, "ठेकेदार खाऊन राहिला होता तवा काऊन नाही बोलला बापू? म्हशीनं तं तणसच खाल्लं."

*

पुढच्या पावसाळ्यानंतर पाणी निवळलं. नमुने लॅबला गेले, रिपोर्ट काही येईना. साहेब रिपोर्टशिवाय मान्य करीनात.

एक दिवस काका म्हैस घेऊन आले. एरवी ती या नाल्याकडे बघायची नाही. तिनं हुंगलं, थांबली, मग तोंड घातलं ते पोट भरेपर्यंत काढलंच नाही.

"घे," काका म्हणाले. "आला रिपोर्ट."

कितीतरी वर्षांनी त्यांची बांधी हिरवी होती.

*

मग उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे येणार म्हणून साहेब आदल्या आठवड्यात पाहणीला आले आणि नाकाला रुमाल लावला. "हा वास जायला पाहिजे."

"सर, वास येतो म्हणजे जंतू काम करतायत."

साहेबांनी फिनाईलचे ड्रम मागवले. पाणकणीस कचरा म्हणून उपटलं, तिथं क्रोटनच्या कुंड्या मांडल्या.

"सर, जंतू मरतील."

"व्हीआयपी येतायत. त्यांच्यासमोर जंतू कशाला हवेत?"

काका बांधावरून धावत आले. "साहेब, धान निसवून राहिलं जी, लोंब्या निघून राहिल्या. कापणीवरी थांबा."

"पाहुणे थांबत नाहीत, काका."

पाहुणेच तारीख पुढं ढकलत ढकलत महिन्याभरानं आले. फीत कापली. फोटोसाठी तळ्याच्या काठावर उभे राहिले, मागं वळून लालभडक पाण्याकडे बघितलं.

"रंग छान आलाय. कोणता टाकलात?"

साहेब म्हणाले, "नॅचरल आहे, सर."