सलूनवाल्याची पापणी

गल्लीच्या वळणावर एक सलून होतं आणि सलूनच्या मालकाला एक मिशी होती. मालक मिशीला सांभाळत होता की मिशी मालकाला, हे सांगणं अवघड. लोक पत्ता सांगताना "त्या मिशाळकडे" असंच सांगत, आणि दुकानाला पाटीही आहे हे कित्येकांच्या गावीही नव्हतं.

या मिशाळची एक खोड होती. हातात वस्तरा आला की तो पापणी लवू द्यायचा नाही. धंदा शिकवणाऱ्या काकाने पहिल्याच दिवशी दम भरला होता, "गळ्यावर पातं असताना पापणी मिटलीस, तर दुकानाची पायरी चढू नकोस." ते त्याने इतकं मनावर घेतलं, की पुढे हातात काहीही मोलाचं आलं की त्याच्या पापण्या आपोआप थिजायच्या. मुलगी झाली तेव्हा बाळ हातात घेऊन तो असा काही डोळे फाडून उभा राहिला, की नर्सने खुर्ची बाळंतिणीसाठी न आणता त्याच्यासाठी आणली. बायको हे अजून पाहुण्यांना सांगते.

मग एक गिऱ्हाईक शहर सोडून जाताना आपलं व्हिडिओ गेमचं यंत्र सलूनमध्ये ठेवून गेलं. ताटकळणाऱ्यांची करमणूक होईल, हा त्यातला चांगला हेतू. झालं भलतंच. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. रस्ते सापासारखे, गाड्या वाऱ्यासारख्या, आणि डोळ्यांपुढे सगळं इतक्या वेगाने पळायचं की बघणाऱ्याला घेरी यावी. मिशाळला त्याचं वेड लागलं. गिऱ्हाईक ताटकळतंय ते ताटकळतंयच, आणि मालक खेळतोय!

आगीत तेल ओतायला सासरे होतेच. ते बसचालक होते, आता निवृत्त. केस कापायला नेमाने जावयाकडेच यायचे. पहिल्यांदा खेळायला बसले तेव्हा शर्यतीतही वळणावर ब्रेक लावायचे आणि मागच्याला आधी जाऊ द्यायचे. मिशाळ पोट धरून हसला. तिथेच चुकलं. म्हातारा पेटला.

"जावईबापू," सासरे आपल्या पांढऱ्या मिशीवर ताव मारत म्हणाले, "या रविवारी दुपारी एकच शर्यत. जो हरेल त्याची मिशी जिंकणाऱ्याने उतरवायची. आहे तयारी?"

गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात नाही कसं म्हणणार? "तयारी आहे, मामा," मिशाळ म्हणाला. मिशी गेली तर दुकान ओळखायचं कुणी?

त्याने सराव सुरू केला तो झपाटल्यासारखा. खेळाचा पडदा बेसिनशेजारी, अगदी नाकासमोर ओढला. नीट दिसावं म्हणून दिवे मालवले. घाम येतो म्हणून पंखा थेट तोंडावर घेतला. आणि हातातला खेळाचा रिमोट आता मोलाची वस्तू झाल्यामुळे पापण्या अर्थातच थिजलेल्या. शुक्रवारपर्यंत डोळे लालबुंद झाले, चुरचुरायला लागले, त्यांतून धार लागली. एका गिऱ्हाइकाने दाढीला बसून वर पाहिलं, तर वस्तरा घेतलेला रडका मिशाळ दिसला. साबण तोंडावर तसाच घेऊन ते पळालं.

बायको डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रुग्णांचे नंबर लावायचं काम करायची. बसल्या बसल्या ती डॉक्टरांचे सगळे उपदेश ऐकायची. संध्याकाळी ती सलूनमध्ये आली, नवऱ्याचे डोळे पाहिले आणि आधी वस्तरा कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"अहो, हा सराव आहे की आत्महत्या? अंधारात, नाकाला पडदा लावून?"

तिने दिवे लावले. पडद्याचा झगझगाट कमी केला. खुर्ची मागे भिंतीपर्यंत ढकलली. पंख्याचं तोंड फिरवलं. "आणि प्रत्येक शर्यत झाली की दारात जायचं. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी आहे ना, ती बघत उभं राहायचं. डोळ्यांना लांबचं बघायला मिळालं की ते सैलावतात."

"टाकीत काय बघायचं?"

"काही नाही. म्हणून तर टाकी."

हे सगळं त्याने केलं. पण पापणी काही मिटेना. ती ओरडायची, "मिटा!" तो ओरडायचा, "मिटली तर गाडी जाईल!"

"गाडीच आहे ती, कुणाचा गळा नाही!"

शेवटी थकून ती बाकावर बसली आणि चाळा म्हणून तिने कात्री उचलून हवेत वाजवली. कच्. मिशाळची पापणी मिटली. कच् कच्. दोनदा मिटली. तिच्या लक्षात आलं. कात्री चालते तेव्हा केसांचे बारके तुकडे डोळ्यांत उडतात, म्हणून कात्रीच्या आवाजासरशी पापणी मिटायची सवय त्याला आयुष्यभराची. वस्तऱ्याने लावलेला रोग कात्रीने बरा होत होता. मग काय, तो खेळायचा आणि ती त्याच्या कानाशी कात्री वाजवायची. येणारेजाणारे दारातून डोकावून बघत आणि काही न विचारता पुढे जात.

रविवारी दुपारी मिशाळच्या डोळ्यांतली लाली चक्क गेली होती. सासरे आले, शेजारच्या खुर्चीत बसले. शर्यत सुरू झाली आणि मिशाळच्या लक्षात आलं, म्हातारा खरोखरच तयार होऊन आला होता. वळणावर ब्रेक नाही, कुणाला वाट देणं नाही. शेवटच्या फेरीत ते पुढे निघून गेले. मिशाळला आपली मिशी जमिनीवर पडलेली दिसायला लागली. बायको घाबरून दोन्ही खुर्च्यांच्या मधे सरकली आणि जीव खाऊन कात्री वाजवू लागली.

कच् कच् कच्!

सासऱ्यांनी मान खाली घातली. हनुवटी छातीला लावली, डोळे मिटले आणि शांत बसले. इतकी वर्षं त्या खुर्चीत, त्या कात्रीच्या आवाजाला ते हेच करत आले होते. त्यांची गाडी भिंतीवर आदळली आणि मिशाळची सुसाट पुढे गेली.

बायकोने कात्री पाठीमागे लपवली.

"मामा, ही शर्यत काही धरायची नाही," मिशाळ म्हणाला.

"का नाही? मान मी घातली, तुम्ही नाही दाबलीत. आणा वस्तरा." त्यांनी स्वतःच कापड गळ्याभोवती गुंडाळलं आणि डोळे घट्ट मिटले. "आरसा झाका. मला बघायचं नाही."

मिशाळने वस्तरा घेतला. पापण्या थिजल्या. कित्येक दिवसांनी त्याला सगळं लख्ख दिसत होतं, आणि दिसले ते सासऱ्यांचे डोळे. मिटलेल्या पापण्या लाल, सुजलेल्या, कडांना पाणी. म्हणजे म्हाताराही घरी चोरून, अंधारात, पडद्याला नाक लावून बसत होता. मिशाळला त्यांचं फार वाईट वाटलं. बस सुटली, गणवेश गेला, बिल्ला गेला, आणि रुबाब म्हणून एवढी मिशीच उरली होती.

त्याने वस्तरा मिटला. गार पाण्यात टॉवेल पिळून सासऱ्यांच्या डोळ्यांवर ठेवला. दाढी झाल्यावर चोळतात तशी ओठाच्या वर तुरटी चोळली. मग बायकोच्या हातातली कात्री घेऊन हवेत बराच वेळ वाजवली.

"झाली?" सासऱ्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"झाली. घरी जाईपर्यंत हात लावू नका, थोडं कापलंय. आणि मामा, खेळताना दिवा लावत जा."

सासऱ्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडले. मिशाळ दारात उभा राहून, पार गल्लीच्या टोकापर्यंत त्यांची पाठ बघत राहिला. टाकीपेक्षा हे बरं, असं त्याला वाटलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. सासूबाई होत्या, पण हसण्यामुळे त्यांना बोलताच येईना. मागून सासऱ्यांचा आवाज आला, "दे इकडे."

"जावईबापू," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा बसू. कात्री मात्र कपाटात ठेवायची."