आईचं बीपी आणि मी

आमच्या आईला ब्लडप्रेशर आहे की नाही, हे ठरवायला आम्हांला तीन मशिनं आणि एक शुक्रवार लागला.

झालं असं, की गुडघा दाखवायला गेलेल्या आईचं बीपी डॉक्टरांनी सहज म्हणून मोजलं आणि ते निघालं एकशे साठ! "काहींचं दवाखान्यात आलं की वाढतं," डॉक्टर म्हणाले. "घरी मशीन आणा. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा. मग गोळीचं ठरवू."

आई निवांत होती. मी नव्हतो. बाबा याच दुखण्याने गेले होते, एका सकाळी, चहा पिता पिता. त्यामुळे मशीन निवडायची जबाबदारी मी कुणी न देताच घेतली. चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. दंडाचं चांगलं की मनगटाचं? पट्टा केवढा? शिवणाची टेप घेऊन मी आईचा दंड तीनदा मोजला.

"ब्लाउज शिवतोयस का?" आईने विचारलं.

शेवटी धामणकर नाक्यावरच्या शब्बीरभाईंच्या मेडिकलमधून मी मनगटाचं मशीन आणलं. (ते म्हणत होते, "सर, बाजूवाला लो," म्हणजे दंडाचं. पण व्हिडिओ त्यांनी पाहिले होते की मी?) घरी आईला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं आणि पडद्यावर आलं: एरर. पुन्हा एरर. सहा वेळा एरर!

दुसऱ्या दिवशी ते परत करून दंडाचं आणलं. दुकानात माझ्या हाताला लावून पाहिलं, तर उत्तम. घरी आईला लावलं, एरर! पाचव्यांदा मात्र आकडा आला. एकशे ब्याण्णव!

मी आईला ताबडतोब आडवं केलं, पंखा फुल केला, कोन गावात राहणाऱ्या बहिणीला फोन लावला. अर्ध्या तासात सुनंदाताई रिक्षातून रडतच उतरली. बघते तर आई पलंगावर आडवी पडून आमच्या हिला सूचना देतेय, "माधुरी, वालाला गूळ जरा जास्त टाक हो!"

"आई, तू बोलू नकोस!" मी ओरडलो.

"मग ही वालाला गूळ कमी टाकेल."

ताईने आईला तिच्या ओळखीच्या नर्सकडे नेलं. तिथे आलं एकशे अठ्ठावीस. म्हणजे मशीन खोटं! मी पुन्हा शब्बीरभाईंकडे. आता मात्र त्यांनी दुकानातलं सगळ्यांत भारी मशीन काढलं, हिंदीत बोलणारं. "सर, ये खुद बतायेगा गलती क्या है."

आणि त्याने सांगितलं! पट्टा फुगला आणि आतली बाई म्हणाली, "कृपया हिलिए मत."

"मी कुठे हलतेय गं बाई?" आई.

"कृपया हिलिए मत."

"अगं, नाही हलत! सुधीर, हिला सांग."

मी आईचा हात धरला. माधुरीने खुर्ची धरली. बाई ऐकेना. आईने श्वाससुद्धा रोखून धरला. "कृपया हिलिए मत!"

मी तणतणत शब्बीरभाईंना फोन केला. बिचारे दुपारचं दुकान बंद करून जेवायच्या वेळेला आमच्याकडे, निजामपुऱ्यात आले. आईने त्यांना पाणी दिलं. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला आणि त्यातल्या पाण्याकडे टक लावून बघत बसले. मग टेबलावर तळहात ठेवला. मग भिंतीवर.

"सर," ते हळूच म्हणाले, "आंटी नहीं हिल रही. आपका घर हिल रहा है."

भिंतीपलीकडच्या कापडाच्या कारखान्यात चोवीस लूम दोन्ही शिफ्टला धडधडत होते. आमचा जन्म त्या आवाजात गेलेला, त्यामुळे तो आम्हांला ऐकूच येत नाही. फळीवरची भांडी दिवसभर किणकिणतात, तेही नाही. टेबल भिंतीला चिकटलेलं, आईचा हात टेबलावर आणि मशीन इमानदारीत एका अख्ख्या कारखान्याचं बीपी मोजत होतं! (मी नववीला विज्ञान शिकवतो. त्यात कंपनावर एक धडा आहे. तो मी फार छान शिकवतो, असं मी स्वतः अनेकांना सांगितलं आहे.)

"कल जुम्मा है, लूम बंद. कल नापो," शब्बीरभाई म्हणाले.

शुक्रवारी माधुरीने मोजलं, तर बाई गोड आवाजात म्हणाली, एकशे सव्वीस! आम्ही टाळ्या वाजवल्या. मग टेबल बाहेरच्या खोलीत, दारापुढच्या ओट्याच्या बाजूला हलवलं आणि पंधरा दिवस वही भरली. सकाळी मी मोजायचो, संध्याकाळी माधुरी.

डॉक्टरांनी वही चाळली. "निळ्या पेनाने कोण लिहितं?"

"मी," मी अभिमानाने म्हणालो.

"आणि काळ्या?"

"मी," माधुरी म्हणाली.

"काळे आकडे सगळे नॉर्मल. निळे सगळे दीडशेच्या वर. काकू, सकाळी काय होतं?"

आईने माझ्याकडे बघितलं. सांगावं की नको असं तिला झालं असावं. "डॉक्टर, हा पट्टा बांधतो ना, तेव्हा माझ्या तोंडाकडे असा बघत बसतो, जसं काही मी आत्ताच चालले. मग मलाच याची काळजी लागते. माझं काही झालं तर याचं कसं होईल?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागद ओढला आणि जिथे गोळीचं नाव लिहितात, बरोबर तिथे लिहिलं: 'मोजताना मुलाने घराबाहेर थांबावे. दिवसातून दोन वेळा.'

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी दाराबाहेर ओट्यावर उभा असतो. येणारे-जाणारे विचारतात, "काय सर, उभे का असे?"

"काही नाही," मी सांगतो. "आईचा डोस चाललाय."