साहेब ज्या उतारावर बसले

साहेब धपकन खाली बसले, तेव्हा मी आधी उताराकडे बघितलं. काँक्रीटला तडा गेलाय का, ते. साहेबांना उठवायचं मागून सुचलं. मी तेव्हा नुकतीच ज्युनियर इंजिनियर झाले होते आणि माझी अक्कल कोरड्या सिमेंटसारखी होती. पोतं भरलेलं, पण पाणी लागलेलं नव्हतं.

गाव सेलू रोडवरचं, बाजाराचं. नाव सांगत नाही, कारण तिथे माझं पुष्कळ हसं झालंय. गावाच्या मधून हायवे जायचा. कापसाचे ट्रक, एसट्या, बैलगाड्या, सगळं त्यावरूनच. आमच्या खात्याने तो रुंद केला आणि दोन्ही बाजूंनी फुटपाथ बांधला. फुटपाथची रस्त्याकडची जी उभी कड असते, तिला आम्ही कर्ब म्हणतो. ट्रक वर चढू नये म्हणून मी ती नऊ इंच उंच केली. दोरी लावून, एका रेषेत. रोज संध्याकाळी एक डोळा मिटून मी ती रेष बघायची आणि खूश व्हायची. लोकांना वाटायचं, बाईंचा डोळा आलाय.

महिन्याभरात कांबळे मास्तर ऑफिसात आले. म्हणजे ऑफिसाच्या पायरीपर्यंत आले. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले, हाताने पायडल फिरवायची तीनचाकी सायकल. गणित शिकवायचे. मीच बाहेर गेले.

"जय भीम, बाई. तो फुटपाथ तुमीच बांधला न्हवं?"

"हो, मीच!" मी म्हटलं. मला वाटलं, कौतुक करायला आलेत.

"लय सरळ बांधलाय. फक्त माझी शाळा त्याच्या पलीकडं ऱ्हायली."

पूर्वी ते रस्त्यावरून थेट शाळेच्या फाटकात जायचे. आता मधे माझी नऊ इंची रेष. मुलं येऊन सायकल उचलायची, पण एकदा ट्रक अगदी जवळून गेला आणि हेडमास्तरांनी मुलांना रस्त्यावर यायला बंदी केली. मास्तरांना रोज उशीर. हेडमास्तरांनी तोंडी मुदत दिली होती: अमुक सोमवारपासून प्रार्थनेला हजर नसाल, तर वालूरच्या पलीकडच्या एका वस्तीवर बदलीसाठी पत्र जाईल. त्या वस्तीला रस्ताच नव्हता, गाडीवाट होती. तीनचाकीने तिथे जायचं म्हणजे नोकरी सोडायची.

मी त्यांना म्हटलं, "मास्तर, काळजी करू नका. मी शिकलेली आहे." हे वाक्य आठवलं की आजही मला उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

कॉलेजच्या लायब्ररीतलं एक परदेशी पुस्तक माझ्याकडे होतं. (अजून आहे. परत करायचं राहिलं.) त्यात लिहिलं होतं, चाकाच्या खुर्चीसाठी एक इंच चढायचं तर बारा इंच लांबी द्या. म्हणजे नऊ इंचांना नऊ फूट. रस्त्यात काढला तर उतार ट्रकखाली जाणार, आत काढायला फुटपाथ तेवढा रुंद नाही. मग मी उतार फुटपाथच्या लांबीतच काढला, कर्बला चिकटून, अंग चोरून चालणाऱ्या माणसासारखा. शाळेपाशी दोन्ही अंगांना दोन, दवाखान्यापाशी एक, एसटी थांब्यापाशी एक. डेप्युटी साहेबांची सही घेतली. इथपर्यंत मी खरंच हुशार होते.

आमचे गवंडी रशीदमिस्त्री. काम सोन्यासारखं, आणि केलेल्या प्रत्येक कामाला शेवटी नीरू मारायचीच, ही त्यांची सवय. नीरू म्हणजे सिमेंटचं पातळ कालवण करून थापीने घोटून आणलेली चकाकी. घरातल्या ओट्याला मारतात.

"बाईसाब, ऐसी नीरू मारतूं, के उसमें सूरत दिखना."

"मारा मिस्त्री," मी म्हटलं. "मोठे साहेब बघायला येणार आहेत."

मिस्त्रींनी मारली. मी खरंच त्यात वाकून वेणी नीट केली.

शुक्रवारी सकाळी मोठे साहेब जीपमधून आले. मी स्वागताची जय्यत तयारी केली होती. उतार धुऊन घ्यायला लावले, त्यामुळे ते ओले. मास्तरांना सायकलसकट खाली थांबवलेलं. "सर, आता बघा," असं म्हणून मी हात वर केला, गाडीला हिरवं निशाण दाखवावं तसा.

मास्तर निघाले. अर्ध्यापर्यंत गेले. मग चाक जागच्या जागी फिरायला लागलं आणि सायकल शांतपणे उलटी खाली यायला लागली. साहेब मनाने चांगले. धावत मागून हात लावायला गेले. पायात नवे, चामडी तळाचे बूट. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलंय.

मास्तर सायकलवरूनच म्हणाले, "साहेब, लागलं का? आता तुमाला माझा परशन समजला आसंल."

साहेब पँट झटकत उठले. ते माझ्याशी बोलले नाहीत, उताराशी बोलले.

"यावर उद्या कुणी पडलं तर विधानसभेत प्रश्न येईल. सोमवारी मी परत येतोय. चारही फोडा. पहिल्यासारखा कर्ब पाहिजे."

"सर, पण मास्तर—"

"बाई, पहिल्यासारखा."

जीप गेली. मास्तरांच्या मुदतीचा सोमवारही तोच होता. मास्तर सायकलचं ओलं चाक रुमालाने पुसत राहिले. ते बघून मला पहिल्यांदा पाणी लागलं. अकलेला.

शनिवार मी मिस्त्रींना वर वाळू टाकायला लावण्यात घालवला. वाळू एसटीच्या वाऱ्याने समोरच्या हॉटेलातल्या भज्यांवर गेली. हॉटेलवाला काय म्हणाला ते नातवंडांसमोर सांगता येत नाही, म्हणून लिहीतही नाही.

रविवारी बाजार. उतारापाशी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात हाक आली, "टाकीऽऽ लावायची का, जात्याला, पाट्याला!" ती शेवंताबाई. जातं-पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर काही वाटलं जात नाही. मग छिन्नीने ठोकून त्याला पुन्हा खरखरीत करतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. आईच्या घरी मी शंभरदा बघितलेलं. इंजिनियर झाल्यावर विसरले होते.

मी तिला उतार दाखवला. तिने अनवाणी पाय घासून बघितला.

"कुणी केलं गं हे येड्यावानी? हितं काय शेवया वळायच्यात का?"

"मी."

"मंग बस बाजूला."

पण गप्प बसेन तर मी कसली! "उभ्या रेघा मारा, वरून खाली. पाणी निघून जाईल," मी शिकवलं.

शेवंताबाईने छिन्नी खाली ठेवली. "उभ्या मारल्या तर चाक नळीतून आल्यावानी खाली यील. आडव्या पायजेत. आन् शिकवायचंच आसंल तर ही छिन्नी घे, मी ऑफिसात जाऊन बसते."

मिस्त्री तोंड फिरवून हसले. त्यांच्याच नीरूवर घाव पडत होते, तरी हसले. तिने मास्तरांना बोलावणं धाडलं, सायकल पुढे-मागे करायला लावली, तिन्ही चाकं कुठून जातात ते खडूने आखून घेतलं. संध्याकाळपर्यंत तिने आणि तिच्या जावेने चारही उतार ठोकून काढले. माझी वेणी आता त्यात दिसत नव्हती.

सोमवारी उतार मी मुद्दाम ओले करून ठेवले. साहेब आले, कर्ब जागेवर नाही हे बघून लाल झाले. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. मास्तर आले, वेग कमी न करता वर चढले आणि फाटकातून आत गेले. प्रार्थना सुरू झाली तेव्हा ते रांगेच्या पुढे होते. हेडमास्तर घड्याळ बघत राहिले.

साहेबांनी एक पाऊल टाकून बघितलं. मग दुसरं. वर पोचले.

"ही कुठली पद्धत?"

"सर, पाटा-वरवंटा."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, थोडा विचार केला आणि टिपणात लिहिलं: 'पृष्ठभाग घसरणरोधक केला आहे. उतार कायम ठेवावेत.' मास्तरांच्या बदलीचं पत्र कधीच गेलं नाही. मास्तर त्याच शाळेतून रिटायर झाले.

धडा एवढाच: उतार किती द्यायचा ते पुस्तकात असतं, त्यावर पाय ठरेल का, ते अनवाणी माणसाला विचारावं.

मी स्वतः शिकले का, हे विचारू नका. गेल्या वर्षी मुलाने परभणीत घर बांधलं, तेव्हा टाइल्स मीच पसंत केल्या, चकचकीत. आता मी वॉकर धरून त्यावर बर्फावरच्या म्हशीसारखी चालते. परवा बाथरूमपाशी छिन्नी घेऊन बसले, तर सुनेने ती काढून घेतली. कुठे लपवलीय, ते मला ठाऊक आहे.